विचारा की! या वेळी : गाजर, जलेबी, कांदे आणि साहेब

मागच्या अंकात आम्ही सहज लिहिलं होतं की नेतेमंडळी विरोधकांची खिल्ली उडवायला सारखं काहीतरी खायचं घेऊन कॅमेऱ्यासमोर येतात त्याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. पाककृतीच्या सदराला पण एवढी येत नाहीत असं आमच्या ऑफिसात म्हणतात आणि ते सदर लिहिणाऱ्या ताई दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाहीयेत. असो. काही पत्रं छापण्यासारखी नव्हती (शिव्या), काही नुसतीच फॉरवर्ड होती, उरलेल्यांतली ही.

काका, हरियाणाच्या निकालाच्या दिवशी भाजपने राहुल गांधींना जलेबी पाठवली होती आठवतं का? आमच्या फॅमिली ग्रुपवर त्यावरून माझं आणि मेव्हण्याचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. तो म्हणतो मास्टरस्ट्रोक, मी म्हणतो पोरकटपणा. तुम्हीच सांगा कोण बरोबर. – एक भावोजी, जळगाव

भावोजी, मेव्हण्याशी वाकडं घेऊ नका, दिवाळीला तोंड दाखवायचं असतं. दोघंही थोडे थोडे बरोबर आहात.

आधी ही जलेबी आली कुठून ते बघा कारण अर्ध्या लोकांना फक्त शेवटचा सीन माहितीये. गोहाना म्हणून सोनिपत जिल्ह्यात गाव आहे, तिथली जलेबी म्हणजे एकेक नग पाव किलोचा. मे 2024 मध्ये लोकसभेच्या प्रचारात मोदी तिथे गेले आणि म्हणाले की विरोधक पाच वर्षांत पाच पंतप्रधान करणार म्हणतात, पंतप्रधानपद काय जलेबी आहे का. मग विधानसभेला राहुल गांधी तिथेच गेले, जलेबी खाल्ली आणि भाषणात म्हणाले की ही देशभर आणि परदेशात गेली तर कारखाना निघेल, हजारो लोकांना काम मिळेल. झालं, जलेबीची फॅक्टरी कशी असते यावर मीमच मीम. म्हणजे तीच जलेबी आधी एकाने दुसऱ्याला मारली, मग दुसऱ्याने उचलली, मग पहिल्याने परत मारली.

8 ऑक्टोबर 2024 ला सकाळी सुरुवातीचे कल काँग्रेसच्या बाजूने होते तर दिल्लीच्या ऑफिसबाहेर कार्यकर्ते जलेब्या वाटायला लागले आणि तासाभरात आकडे फिरले, शेवटी भाजप 48 आणि काँग्रेस 37. घशात गेलेली जलेबी बाहेर पण काढता येत नाही. संध्याकाळी हरियाणा भाजपने ऑनलाइन ऑर्डरचा स्क्रीनशॉट टाकला, एक किलो जलेबी, पत्ता 24 अकबर रोड, म्हणजे काँग्रेसचं तेव्हाचं मुख्यालय. माझ्या मते इथपर्यंत जोक चांगला होता कारण जलेबी राहुल गांधींनी स्वतःच प्रचारात आणलेली, ती त्यांच्याच दारात परत गेली, आणि त्यात कुठल्या गरिबाची थट्टा नव्हती. पण लोकांनी स्क्रीनशॉट झूम करून बघितला तर खाली कॅश ऑन डिलिव्हरी! म्हणजे खाऊ आम्ही पाठवतो, पैसे तुम्ही द्या. तिथून पुढे हसणारे दुसऱ्या बाजूचे होते. मेव्हण्याला सांगा स्ट्रोक मास्टर होता, फक्त पेमेंट राहिलं.

मी एका पक्षाचा साधा कार्यकर्ता आहे, नाव गाव छापू नका. अधिवेशनाच्या वेळी साहेबांच्या पीएचा सकाळी सात वाजता फोन येतो, दहा किलो गाजर आण, पानं असलेली आण. आणतो. फोटो साहेबांचे येतात आणि गाजराचे पैसे अजून मिळाले नाहीत. माझा प्रश्न असा की गाजरच का?

मित्रा, पैशाचं मी काही करू शकत नाही, ते गाजरच तुला दाखवलेलं आहे असं समज.

गाजरच का, तर आपल्या भाषेत त्याचा अर्थ आधीच शिजवून ठेवलाय. कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. आमदाराने हातात गाजर धरलं की टीव्हीचा आवाज बंद असला तरी आजीला कळतं की सरकारने नुसती आश्वासनं दिली. ऑगस्ट 2022 मध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधक गाजरं घेऊन आले, समोर सत्ताधारी आमदार पण घोषणा द्यायला उभे, आणि त्यात जी धक्काबुक्की झाली ती सगळ्यांनी बघितली. नंतर 2023 च्या बजेटला उद्धव ठाकरे गाजर हलवा म्हणाले, म्हणजे एका सीझनमध्ये कच्चं गाजर ते हलवा एवढा प्रवास. वाटाण्याच्या अक्षता, तोंडाला पानं पुसणं, हातावर तुरी, भोपळा, सगळं आपलं अर्ध राजकारण भाजी मंडईतच आहे. तुरी तेवढ्या कुणी अजून पायऱ्यांवर आणल्या नसाव्यात, साहेबांना सुचवून बघ, पण आधी ॲडव्हान्स घे.

मी स्वतः काही वर्षं त्या पायऱ्यांसमोर वही घेऊन उभा राहिलोय त्यामुळे सांगतो, हे सगळं साधारण वीस मिनिटांचं असतं. कामकाज अकराला सुरू होतं, त्याच्या आधी माळा टोप्या फलक सगळं येतं, कॅमेरामन ओरडतात साहेब जरा वर धरा, साहेब इकडे, मागच्या रांगेतले आमदार मान उंचावून फ्रेममध्ये यायला बघतात, दोन तीन बाईट होतात आणि सगळे आत. गाजरं तिथेच. बातमीत आतल्या चर्चेचे दोन मिनिटं पण नसतात आणि गाजर दिवसभर फिरतं. मी तेव्हा वैतागायचो, मग एका सीनियर कॅमेरामनने सांगितलं, तू नुसतं भाषण लिहून आणलं तर तुझा एडिटर छापतो का सांग. गप्प बसलो.

आपल्याकडे म्हण आहेच, गाजराची पुंगी, वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली. तुझ्या साहेबांना ती चांगली कळलेली दिसते.

साहेब नमस्कार, माझी भजीची गाडी आहे, वीस वर्षं झाली. 2018 ला ते पकोड्याचं प्रकरण झालं तेव्हा आमच्या चौकात पोरं कोट घालून, गळ्यात डिग्रीच्या पाट्या अडकवून भजी तळायला बसली होती. सगळे हसत होते. मी पण हसलो. रात्री घरी गेल्यावर मात्र मला ते बरं वाटलं नाही. का ते मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं का बघा. – भजीवाले, इचलकरंजी

दादा, हे पत्र मी तीनदा वाचलं.

आधी काय झालं होतं ते बाकीच्यांसाठी. जानेवारी 2018 मध्ये पंतप्रधानांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत विचारलं की तुमच्या ऑफिसबाहेर कुणी पकोडे विकून संध्याकाळी 200 रुपये घरी नेत असेल तर तो रोजगार म्हणायचा की नाही. प्रश्न नोकऱ्यांचा होता, उत्तर पकोड्याचं आलं, त्यामुळे शिकलेली पोरं चिडली यात काही चूक नाही. बंगळुरूमध्ये मोदींच्या सभेच्या आसपास विद्यार्थी पदवीदानाचे गाऊन घालून पकोडे विकायला उभे राहिले, मग गावोगाव तेच सुरू झालं, पुढे पंतप्रधानांच्या वाढदिवसाला बेरोजगार दिवस म्हणून भजी तळणं ही तर ठरलेली गोष्टच झाली.

आता तुमच्या पोटात काय दुखलं ते मी माझ्या अकलेप्रमाणे सांगतो. ती पोरं म्हणत होती, एवढं शिकलो आणि आमच्यावर ही वेळ. तुम्ही रोज त्याच वेळेत उभे असता. पोरांचा राग बरोबर होता पण त्यांनी राग दाखवायला जी वस्तू उचलली ती तुमची होती, तुमची कढई. एक दिवस कोट घालून तळायला बसणाऱ्याला ते कॉमेडी वाटतं. काँग्रेसचे चिदंबरम यांनी तर तेव्हा लिहिलं की पकोडे विकणं नोकरी असेल तर भीक मागणं पण नोकरी धरा. वकील माणूस, मुद्दा मांडायला गेला असेल, पण पकोडेवाला आणि भिकारी एका वाक्यात आले आणि समोरच्याला आयतं मिळालं. 5 फेब्रुवारीला अमित शहा राज्यसभेत पहिल्यांदा बोलायला उभे राहिले तेच हे घेऊन, बेकार बसण्यापेक्षा पकोडे विकलेले बरे, त्यात लाज कसली, भिकाऱ्याशी तुलना करता का. बघा म्हणजे, नोकऱ्या किती दिल्या हा प्रश्न बाजूला पडला आणि पकोडेवाल्याचा अपमान कुणी केला यावर चर्चा सुरू.

हे पहिल्यांदा झालं असं पण नाही. 17 जानेवारी 2014, दिल्लीत काँग्रेसचं अधिवेशन, मणिशंकर अय्यर म्हणाले मोदी काही पंतप्रधान होणार नाहीत, इथे येऊन चहा वाटायचा असेल तर जागा करून देऊ. फेब्रुवारीत भाजपचं 'चाय पे चर्चा' सुरू. प्रत्येक टपरीवाल्याला वाटलं हे मलाच बोलले. त्या एका वाक्याने निवडणूक गेली असं म्हणणं बावळटपणा आहे, हरायची कारणं ढीगभर होती, पण प्रचाराचं सामान विरोधकांनीच पॅक करून दिलं हे खरं.

तर दादा तुम्हाला जे वाटलं ते अगदी बरोबर वाटलं. पोरांवर पण फार राग धरू नका. तुमच्या चौकात तळायला बसली होती त्यांतल्या एकाने तरी तुमच्याकडून तेल किती तापलंय ते विचारलं होतं का? पैज लावतो, नसेल.

प्रत्येक अधिवेशनाच्या आदल्या दिवशी विरोधक मुख्यमंत्र्यांच्या चहापानावर बहिष्कार टाकतात. मग तो चहा पितं कोण? – चहाबाज, सांगली

सत्ताधारी आणि पत्रकार. मी प्यायलोय. बिस्किटं चांगली असतात.

थोडं सीरियसली बोलायचं तर हा आपल्याकडचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त खाऊ स्टंट आहे, काही आणायला लागत नाही, नुसतं जायचं नाही. पक्ष कुठलाही असो, विरोधात गेला की चहा कडू लागतो. मार्च 2018 मध्ये संजय निरुपम, तेव्हा ते काँग्रेसमध्ये होते, माहिती अधिकारातले आकडे घेऊन म्हणाले की मुख्यमंत्री कार्यालयात रोज 18,500 च्या वर कप चहा जातो. सरकारचं म्हणणं हा पाहुण्यांच्या सगळ्या सरबराईचा खर्च आहे. त्याच महिन्यात एकनाथ खडसे, तेव्हा सत्ताधारी भाजपचेच आमदार, विधानसभेत विचारत होते की मंत्रालयात सात दिवसांत 3,19,400 उंदीर मारले म्हणता, कसे. लोकांनी दोन्ही बातम्या जोडून आपापला जोक केला, कुणाला शिकवावं लागलं नाही.

आमच्याकडे निफाड तालुक्यात कांदा आहे. बाबा टीव्हीवर आमदारांच्या गळ्यात कांद्याच्या माळा बघतात आणि चॅनेल बदलतात. मला वाटतं निदान कुणीतरी विषय तरी काढतंय. बाबा म्हणतात आपला कांदा काय दागिना आहे का. काका तुम्हाला काय वाटतं, या माळांनी काही फरक पडतो का? – एक लेक

बाळ, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. चॅनेल बदलायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

कांदा हा या सगळ्या खाऊंमध्ये वेगळा आहे, तो दोन्हीकडून रडवतो. भाव चढला तर शहरातली बाई रडते आणि पडला तर तुझे बाबा. आणि माळ मात्र दोन्ही वेळेला तीच! 1980 मध्ये इंदिरा गांधींनी महाग कांद्यावरून सत्तेतल्यांना झोडपलं आणि परत आल्या. 1998 मध्ये दिल्लीत कांदा भडकला, भाजपने निवडणुकीच्या तोंडावर मुख्यमंत्री बदलून सुषमा स्वराज यांना आणलं तरी 70 पैकी 15 जागा. हे झाले महाग कांद्याचे. आता स्वस्ताचं बघ. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा नेला, हमाली तोलाई गाडीभाडं वजा जाता हातात 2 रुपयांचा चेक, तो पण पुढच्या तारखेचा. त्याच महिन्याच्या शेवटी राष्ट्रवादीचे आमदार माळा घालून, डोक्यावर कांद्याच्या टोपल्या घेऊन विधान भवनात आले. ठीक, विषय निघाला. जुलैत त्याच पक्षातले बरेच जण सरकारात जाऊन बसले. डिसेंबरला केंद्राने कांदा निर्यात बंद केली आणि नागपूरच्या अधिवेशनात परत माळा, या वेळी गळे वेगळे. म्हणजे माळ तिथेच खुंटीला असते, ज्याची पाळी तो घालतो. तुझे बाबा चॅनेल बदलतात ते याच्यामुळे असावं.

पण मला विचारशील तर कांद्याचा आजवरचा सगळ्यात जबरी टोमणा कुठल्या आमदाराने मारलेला नाही. 2018 च्या शेवटी तुमच्याच निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला 750 किलो कांद्याचे 1,064 रुपये मिळाले, त्याने ते सगळे मनीऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठवून दिले, वर मनीऑर्डरचा खर्च स्वतःचा. ना माळ ना घोषणा. दिल्लीपर्यंत खळबळ. त्याने नुसती पावती दाखवली होती आणि पावतीवर काय उत्तर देणार.

फरक पडतो का, तर माळेने नाही पडत. भावाने पडतो. निर्यातबंदी 2024 च्या मे महिन्यात उठवली तोवर निवडणूक सुरू झाली होती, दिंडोरीची जागा केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार हरल्या आणि निकालानंतर मुख्यमंत्री शिंदे स्वतःच म्हणाले की कांद्याने रडवलं. त्यांना कुणी माळ दाखवून रडवलेलं नव्हतं. पुढच्या सहा महिन्यांत विधानसभेला त्याच महायुतीला तुफान बहुमत मिळालं हे पण लक्षात घे, म्हणजे कांद्याचा राग किती टिकतो ते.

एक राहिलं. डिसेंबर 2019 ला लोकसभेत सुप्रिया सुळे कांद्यावर प्रश्न विचारत होत्या, अर्थमंत्री उत्तर देत होत्या, मध्येच कुणीतरी विचारलं तुम्ही कांदा खाता का, तर निर्मला सीतारामन म्हणाल्या आमच्या घरात कांदा लसूण फारसं खात नाहीत. दुसऱ्या दिवशी चिदंबरम, नुकतेच जामिनावर आलेले, मग काय ॲव्होकाडो खातात का? मी हसलो होतो, कबूल. (भिकाऱ्याच्या वेळी घसरलेला माणूस इथे बरोबर बोलला, कारण या वेळी थट्टा मंत्र्यांच्या ताटाची होती.)

काका माझं जर्नालिझम चालू आहे, आमच्या सरांनी सांगितलं हे सगळं फक्त आपल्याकडे चालतं, बाहेर राजकारण मॅच्युअर असतं. खरंय का?

सरांना विचार शेवटचा पेपर कधी वाचला.

20 ऑक्टोबर 2024, पेनसिल्व्हेनिया, डोनाल्ड ट्रम्प ॲप्रन बांधून मॅकडॉनल्ड्समध्ये बटाट्याच्या फ्राइज तळतायत. कारण कमला हॅरिस सांगत होत्या की कॉलेजात असताना त्यांनी तिथे काम केलं, ट्रम्प पुरावा न देता म्हणायचे खोटं आहे, आणि बाहेर येऊन म्हणाले मी आता त्यांच्यापेक्षा पंधरा मिनिटं जास्त काम केलं. दुकान त्या दिवशी बाकी लोकांना बंद होतं, खिडकीतून खाणं घेणारी माणसं आधी तपासून आणलेली. अर्ध्या देशाने नौटंकी म्हणून नावं ठेवली, उरलेल्या अर्ध्याला फोटो जाम आवडला, आणि निवडणूक कोण जिंकलं ते तुला माहितीये. आपल्या भजीवाल्या दादांचं पत्र वाचलंस ना वर, ट्रम्पनी तळणाऱ्याची थट्टा केली नाही, तळायला स्वतः उभे राहून समोरच्या बाईंची केली. चलाख माणूस, आवडो न आवडो.

मग 2025 ला उलटं झालं. ट्रम्प मोठमोठे आयात कर जाहीर करतात आणि मग मागे घेतात यावरून 'ट्रम्प ऑलवेज चिकन्स आउट' म्हणजे ऐनवेळी कच खातात असं कुणीतरी म्हणालं, त्याची आद्याक्षरं टॅको. लगेच जूनमध्ये डेमोक्रॅट लोकांनी रिपब्लिकन पक्षाच्या ऑफिससमोर टॅकोची गाडी लावून फुकट वाटप केलं. हसले लोक, पण एकदा फुकट टॅको खाल्ल्यावर त्यातून मत कसं काढायचं हे कुणी सांगितलं नाही.

आणि ब्रिटनचे बोरिस जॉन्सन, जुलै 2019, भर सभेत प्लास्टिकमधला धुरी दिलेला मासा हलवत होते, बघा म्हणे युरोपियन युनियनने कसला जाच लावलाय, मासा पाठवायचा तर सोबत बर्फाची पिशवी लागते. चौकशी झाली तर मासा आला होता आइल ऑफ मॅनहून, ते युनियनमध्ये नाहीच, आणि तो नियम युरोपचा नव्हता, ब्रिटनचाच! तरी आठवडाभरात साहेब पंतप्रधान. तैवानमध्ये तर 27 नोव्हेंबर 2020 ला विरोधी खासदारांनी अमेरिकन डुकराच्या मांसाच्या आयातीवरून संसदेतच डुकराची आतडी फेकली. मॅच्युअर!

वाटण्यापर्यंत ठीक, पण फेकणं बरोबर आहे का? – निवृत्त शिक्षक, बीड

गुरुजी, तुम्ही बीडचे आहात तेव्हा रोख कळला. 9 ऑगस्ट 2024 ला तुमच्याकडे राज ठाकरेंच्या ताफ्यावर ठाकरे गटाच्या लोकांनी सुपाऱ्या टाकल्या, सुपारीबाज म्हणून. दुसऱ्या दिवशी ठाण्यात उद्धव ठाकरेंच्या ताफ्यावर मनसेवाल्यांनी नारळ, टोमॅटो, शेण, बांगड्या. सुपारीत निदान शब्दाचा खेळ होता. नारळात काय होतं? नारळात नारळ होता, तो गाडीच्या काचेवर बसला की जोक संपला. फेकलेली वस्तू जितकी जड तितका विनोद हलका असा माझा अनुभव आहे.

आणि मला फेकण्यापेक्षा पण भरवणं जास्त खटकतं. 2014 च्या जुलैमध्ये दिल्लीच्या महाराष्ट्र सदनात शिवसेनेचे खासदार जेवण वाईट म्हणून गेले होते, तक्रार खरी पण असेल, पण चपाती कोंबली कुणाच्या तोंडात तर कॅन्टीनच्या सुपरवायझरच्या, आणि त्याचा रोजा होता. सदनाचा कारभार बघणारे अधिकारी राहिले बाजूला. त्या चपातीचा व्हिडिओ बघून हसलेला माणूस मला अजून भेटायचाय.

आमचे मिस्टर श्रावण पाळतात, मुलगा मुद्दाम त्या महिन्यात नेत्यांचे मटण बिर्याणीचे व्हिडिओ मोठ्या आवाजात लावतो. घरात शांतता हवी आहे. – गृहिणी, डोंबिवली

ताई, हेडफोन घेऊन द्या. बाकी सगळं वरवरचं आहे.

मुलाला एवढं सांगा की हे व्हिडिओ भुकेने केलेले नसतात. एप्रिल 2024 ला बिहारचे तेजस्वी यादव हेलिकॉप्टरमध्ये मासे खाताना दिसले, भाजप तुटून पडला नवरात्रात मासे, तर ते म्हणाले तारीख बघा, आदल्या दिवशीचा आहे, तुमचा आयक्यू तपासत होतो. मग संत्रं खातानाचा टाकला, आता रंगावरून बोलणार का म्हणून. तुमच्या कल्याण डोंबिवलीत 2025 ला 15 ऑगस्टला मटणाची दुकानं बंद ठेवायचं फर्मान निघालं तेव्हा संभाजीनगरला एमआयएमचे इम्तियाज जलील यांनी घरी बिर्याणीच ठेवली. 2015 मध्ये मुंबईत पर्युषणात मांसविक्री बंद केली तेव्हा दादरला रस्त्यावर चिकन विकायला उभे होते मनसे आणि शिवसेनेचे लोक. म्हणजे ज्याला नको म्हणाल तो मुद्दाम खाणार, हे तुमच्या घरात पण तेच चाललंय. मिस्टरांनी एक श्रावण काहीच न बोलता काढला तर मुलगा आपोआप बंद करेल बघा. नाही केलं तर मला कळवा, मी तरी काय करणार म्हणा.

काका, सगळ्यांना शिकवता, तुम्ही कधी असलं काही केलंय का? खरं सांगा. – तुमचीच वाचक

केलंय. हॉस्टेलला होतो, मेसच्या पोळ्या कातड्यासारख्या यायच्या, कॉन्ट्रॅक्टर पैसे खातो हे सगळ्यांना माहिती. निवडणुकीला मी उभा होतो आणि समोरचा उमेदवार त्या कॉन्ट्रॅक्टरचा खास. मग मी एक पोळी दोरीला बांधून नोटीस बोर्डावर टांगली, खाली त्या उमेदवाराचं नाव आणि 'आमचा भक्कम पाठिंबा' असं लिहिलं. पूर्ण हॉस्टेल लोटपोट. मी 40 मतांनी निवडून आलो.

त्या संध्याकाळी मेसमध्ये गेलो तर वाढायला नेहमीच्या मावशी होत्या, पोळ्या त्याच लाटायच्या, कॉन्ट्रॅक्टर जे पीठ देईल त्याच्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्यांना वाढलं तसंच मला वाढलं, पोळी मात्र ताटाच्या कडेला अगदी हलक्या हाताने ठेवली, तुटेल बिटेल अशी. मी तीन खायचो, त्या दिवशी पाच खाल्ल्या. चावत होतो तेव्हा त्या कढईकडे तोंड करून उभ्या होत्या.

कॉन्ट्रॅक्टर पुढची दोन वर्षं तोच होता.